मामाला जड असलेले दात

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझा अर्धा चेहरा बधिर होता. जळगावात आमच्या घराजवळच्या दवाखान्यात रूट कॅनल करून घ्यायला मी खुर्चीत आडवी झाले होते. डॉक्टरांनी नुकतंच इंजेक्शन दिलं होतं, भूल चढायची वाट बघत होतो आणि मांडीवरचा फोन वाजला. शिरपूरहून मामी होती. "तुना मामा गया वं बेबी," एवढंच म्हणाली. मी बोलायला गेले, पण ओठ एका बाजूला लटकलेला, जीभ कुठे आहे ते कळेना, तोंडातून नुसतं 'हं' निघालं. मामीला वाटलं असेल, पोरगी रडते आहे. मी रडत नव्हते. डॉक्टरांना खुणेनेच 'नंतर' म्हटलं, रुमाल तोंडाला लावला आणि स्टँडवर जाऊन चोपड्याची बस धरली. पुढे चोपड्याहून दुसरी बस शिरपूरची. चोपडा यायच्या सुमारास ओठाला मुंग्या यायला लागल्या, भूल उतरली आणि दाढ ठणकू लागली. बाकी काहीच उतरलं नाही. त्याला आता दीडेक महिना झाला. लोक विचारतात, मी "हो, अचानकच" म्हणते. शाळेत जाते, सातवीला नद्यांची खोरी शिकवते, घरी येऊन वरणाला फोडणी देते. लिहिताना तरी काहीतरी वाटेल म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुभाषमामा म्हणजे माझ्या आईचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून चार-पाच वर्षांनी धाकटा. शिरपुरात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचा, बोअरचा पंप जळाला की शेतकरी मोटार त्याच्याकडे आणून टाकत आणि तो तिच्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरून देई. बोटांची टोकं वॉर्निशने कायम काळी, आवाज दुकानातल्या घरघरीवर चढवलेला, घरात बोलला तरी शेजाऱ्यांना ऐकू जाई. मोटार उघडायच्या आधी तो तिच्यापाशी वाकून वास घ्यायचा आणि आत किती जळलं आहे ते सांगायचा. पेपरात नाव यावं असं त्याने काही केलं नाही. सकाळी दुकान उघडलं, संध्याकाळी बंद केलं. तरी त्याच्यावर लिहायचं तर मला माझ्या दातांपासून सुरुवात करावी लागते, त्याला इलाज नाही.

तान्ह्या बाळाला खालचे दात आधी येतात. मला वरचे आले. आणि वरचे दात आधी आले की ते मूल मामाला जड, असं आपल्याकडे अजूनही मानतात. शिकलेल्या घरांतसुद्धा हळू आवाजात का होईना, पण मानतात. कुणी त्यावर मामाकडून चांदीची वाटी आणवतं, कुणी कपडे आणवतं आणि विषय संपतो. आमच्याकडे संपला नाही. आईला माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते हा एक भाऊ होता. वाटीबिटीवर तिचा भरवसा बसेना. तिने आपल्या मनानेच एक उपाय काढला... मामाने माझे दात पाहायचेच नाहीत. दुधाचे आहेत, पडतील. नवे दात रीतसर खालून सुरू होतील, मग बंदी उठेल. तोवर मामा आला की मी तोंड मिटून बसायचं, हसू आलंच तर हात आडवा धरायचा. मी बोलायला लागायच्या आधी हात आडवा धरायला शिकले असं घरात कौतुकाने सांगत. आजही मी वर्गात हसले की हात तोंडावर जातो. पोरी माझी नक्कल करतात ती त्याचीच.

हे मामापुरतं होतं, पण ते हळूहळू सगळ्यांनाच लागू झालं. आई स्वतःही माझ्या तोंडात बघेना. मंजन लावायची ते बोटाने, पुढच्या पुढे, नजर दुसरीकडे ठेवून. वडील धुळ्यात सरकारी कचेरीत कारकून होते, असल्या गोष्टींना हसणारे, पण त्यांचंही दाताबद्दल एक ठाम मत होतं. "दुधाचे आहेत ना? पडणारच आहेत, त्यांची कशाला उठाठेव?" आईला ते दात पडायला हवे होते आणि वडिलांच्या मते ते पडणारच होते. एवढ्या एका बाबतीत त्या दोघांचं कधी भांडण झालं नाही. रात्री झोपताना आई मला गुळाचा खडा द्यायची. तो गालात धरून मी झोपून जायची. त्या गुळाची चव आठवते, बाकी त्या वयातलं फारसं काही आठवत नाही.

मामा तांब्याची तार घ्यायला धुळ्याला यायचा आणि दुपारी जेवायला आमच्याकडे. मला बघून म्हणायचा, "अक्का, पोरले हसू दे ना. मी रोज करंटले हात लावस, त्या दोन दातस्नी काय बिशाद?" आई हसायची नाही. ताट वाढायची, तो जेवला की लगेच त्याची पिशवी दारात आणून ठेवायची. "निघ आता, बस जाईल." शिरपूरला जाणाऱ्या बसेस धुळ्याहून दिवसभर सुटतात. तो तसं म्हणायचाही, पण ती दही घेऊन दारात उभी असायची, मग तो निमूट चपला घालायचा. मला वाटायचं आई कडक आहे, तिला पाहुणे फार वेळ आवडत नाहीत.

मी पहिलीत असेन. गाल सुजला. नुसता सुजला नाही, डोळा अर्धा मिटला. आईने हळद लावली, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. डॉक्टरकडे न्यायचं नाव काढलं की शेजारच्या काकू म्हणत, दाढ काढली तर पोरीची नजर जाईल, वरच्या दाताची शीर थेट डोळ्याला असते. आई आधीच वरच्या दातांना घाबरलेली, तिला हे लगेच पटलं. वडील दौऱ्यावर होते. त्यात मामा आला. दारातूनच त्याने माझा गाल बघितला, तारेचं भेंडोळं खाली टाकलं, खिशातली छोटी बॅटरी काढली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि मागून त्याच्या डोळ्यांवर दोन्ही हात घट्ट दाबून धरले. "तू नको देखू रे भाऊ, तू नको देखू." तिच्या हातांना कणीक लागलेली होती. मामाने हात सोडवले नाहीत. तसाच, डोळे झाकलेला, मला म्हणाला, "तोंड उघड बेबी. तुनी माय मना डोया झाकस, मी नाकघाई देखसू." मी तोंड उघडलं. त्याने वास घेतला, आणि एवढा बोलका माणूस एकदम गप्प झाला.

तो मला उचलून रिक्षात घालून दाताच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हातारे आणि तापट होते. मामालाच बाप समजून त्यांनी झापायला सुरुवात केली. वरचे पुढचे दात मुळापर्यंत किडलेत, मागे दाढेत पू झालाय, आतून येणाऱ्या पक्क्या दातांनाही हे बाधणार, तुम्ही लोक पोरांच्या तोंडात कधी बघता की नाही? मामा म्हणाला, "बंदी व्हती साहेब." डॉक्टरांना ते काही कळलं नाही. किती दात काढले, किती दुखलं ते मला आठवत नाही. मामाच्या शर्टाला मी तोंड पुसलं आणि त्याने पुसू दिलं, हे आठवतं. घरी आलो तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "वरचेच काढले ना?" मामाने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. पोरगी बरी झाली म्हणून, असंच मी समजत आले.

त्यानंतर मामाला एक खोड लागली ती शेवटपर्यंत. लग्न असो, जाऊळ असो, नातेवाइकांत लहान मूल दिसलं की त्याची बॅटरी बाहेर यायची आणि तो पोराला तोंड उघडायला लावायचा. पोरांना गंमत वाटायची, आईबापांना राग यायचा. एकदा हळदीच्या मांडवात त्याने एका नातेवाइकाच्या पोराचे दात किडलेत म्हणून जाहीर केलं, पोराच्या आईने डोळ्यांत पाणी आणलं, आणि मग कळलं की पोरगा जांभळं खाऊन आला होता. मामा ओशाळला, पण बॅटरी काही सुटली नाही. कुणी वडिलांसारखंच 'दुधाचे तर आहेत' म्हणालं की तो म्हणायचा, "छप्पर एक दिन पडनारच शे, म्हनीसन आज गळू देस का?" लोक हसायचे, काही जण खरंच पोराला डॉक्टरकडे न्यायचे, बरेचसे न्यायचे नाहीत. आणि गंमत अशी, की हाच माणूस स्वतः दाताच्या डॉक्टरला प्रचंड घाबरायचा. रोज करंटशी खेळणारा, पण सुई बघितली की घाम फुटायचा. दाढ दुखली की लवंग धरायची, नाहीच भागलं तर पडू द्यायची. शेवटी शेवटी हसला की तोंडाचा अर्धा भाग मोकळा दिसायचा. मी चिडून दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे, तुला मामाने नेलं, माझा मामा तर कधीच गेला, आता मला कोण नेणार?

माझे पक्के दात डॉक्टर म्हणाले तसेच आले, पुढचे दोन वेडेवाकडे आणि एकावर तपकिरी डाग. मला बघायला मंडळी यायची तेव्हा आई आतल्या खोलीत बजावून सांगायची, हसू नको. बंदी उठायची होती ती काही उठली नाही, फक्त कारण बदललं. जळगावची मंडळी आली त्या दिवशी मामा मुद्दाम समोर बसला आणि त्याने आपल्या त्या चढ्या आवाजात जांभळाचा किस्सा स्वतःवरच घेऊन सांगितला. मी हसले. हात वर जायच्या आत हसले. लग्न ठरलं, नवरा चांगला मिळाला, आणि दातांचं त्या घरात कुणी कधी काढलं नाही. मामाला त्याबद्दल काही म्हणायचं राहून गेलं. असं काही तोंडावर म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

तो दुकानातच गेला, सकाळी, स्टुलावर बसल्या बसल्या. समोर अर्धी भरलेली मोटार होती. हृदय बंद पडलं, म्हणाले. सत्तरीला टेकलेला माणूस, फार हाल न होता गेला, सगळे हेच म्हणत होते आणि मीही मान डोलवत होते. शिरपूरच्या घरात पोचले तेव्हा आई आधीच आलेली होती, माझ्या भावाने तिला धुळ्याहून आणलं होतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, तिला भान नाही. पण दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भावाशी बोलायची, मामीशी बोलायची, मी खोलीत आले की भिंतीकडे वळायची. मी पाण्याचा तांब्या दिला तर तांब्या घ्यायची, चेहरा वर करायची नाही.

मग भेटायला आलेल्या बायकांत गल्लीतली एक म्हातारी माझ्याकडे बोट करून शेजारणीला म्हणाली, हीच ना ती, वरच्या दातांची? हळूच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. मामी तिथेच होती. नवरा जाऊन चार दिवस झालेली ती बाई ताडकन म्हणाली, "बठ्ठासना मामा जातस. बठ्ठासले वरला दात आधी येतस का?" मामा तर सगळ्यांचेच जातात, यावर म्हातारीने बोट खाली घेतलं. मी आईकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून होती आणि तिची पाठ हललीसुद्धा नाही. चाळीशी उलटलेली, दोन पोरांची आई, पोरांना विज्ञान-भूगोल शिकवून पोट भरणारी बाई मी, आणि मला त्या घरात फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आईलाही तसंच वाटतं का?

सुतक फेडायचा गंधमुक्तीचा कार्यक्रम झाला, मंडळी पांगली. दुपारी आई मागच्या ओट्यावर एकटीच बसली होती. मी समोर जाऊन बसले आणि विचारून टाकलं. "आई, तुला वाटतं का माझ्यामुळे?"  ती माझ्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "रोज रातले तुले गूळ देऊ मी. त्या वरला दात लवकर पडोत म्हनीसन." मला नीट कळलं नाही, मी पुन्हा विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. गूळ लाडाचा नव्हता. गुळाने दात किडतात हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ते किडावेत, लवकरात लवकर पडावेत, म्हणून ती मला चूळ न भरवता झोपवायची. गाल सुजला तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं, पण तेही कुणाला सांगता येईना. भावासाठी केलं. "पोरना दात वाया गयात आनि भाऊबी गया," म्हणाली. तिने एवढ्या दिवसांत माझ्याकडे बघितलं नव्हतं ते माझा राग म्हणून नव्हे. तिला माझं तोंड बघवत नव्हतं.

मला राग यायला हवा होता. नंतर बसमध्ये मी तो आणायचा प्रयत्नही केला... इतकी वर्षं आरशात बघितलेला तो तपकिरी डाग, ते 'हसू नको', दाढेतली ती ठणक. आला नाही. तिथे ओट्यावर मी फक्त "बरं" म्हणाले. विद्यार्थ्याने गृहपाठ केला नाही सांगितल्यावर म्हणतो तसं. आई पुढे म्हणाली की त्याला तिने कधी सुखाने बसू दिलं नाही, दर वेळी उठवून लावलं, तो जेवढा वेळ माझ्याजवळ बसेल तेवढी तिच्या जिवाला धाकधूक. "आते मी कोनासाठे भिऊ?" असं ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणू विचारावं तसा. मी तिचा हात धरला. तिने सोडवला नाही, पण बघितलंही नाही.

निघताना मामी मला स्टँडपर्यंत सोडायला आली. रिक्षात म्हणाली, सकाळी मोरीवर फोन वाजत नाही, ते सहन होत नाही गं. मला काही कळेना. मग तिने सांगितलं. कित्येक वर्षं रोज सकाळी, मामा दात घासायला उभा राहिला की धुळ्याहून आईचा फोन यायचा. "दात घासात का रे भाऊ?" मामा तोंडात फेस असतानाच ओरडायचा, "घासी रायनू अक्का!" बस्स. एवढंच. दुसरं काही बोलायचे नाहीत, फोन ठेवून द्यायचे. मामी सुरुवातीला हसायची, मग तिलाही कळलं की अक्काला दातांशी काही देणंघेणं नाही, भाऊ आज उठला का एवढंच हवं आहे. आणि मामालाही ते माहीत होतं, म्हणून तो एवढ्या मोठ्याने ओरडायचा. गेला त्या दिवशीही ओरडला होता. माझ्या दातांबद्दल आईने असं कधी विचारलं नव्हतं. मला तर या फोनचा पत्ताच नव्हता.

मी जळगावला आले. राहिलेलं रूट कॅनल करून घेतलं. आई धुळ्याला परत गेली, तिच्या तब्येतीचं भावाकडून कळत होतं, पण तिचा स्वतःचा फोन नाही. मी केला की दोन शब्द बोलून ती भावाकडे द्यायची. मीही फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर काय बोलावं ते मलाही सुचत नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका सकाळी बेसिनपाशी उभी होते, शाळेची घाई, तेवढ्यात फोन वाजला. आईचं नाव. एवढ्या सकाळी म्हणजे काहीतरी वाईट, या भीतीने मी ओल्या हातानेच उचलला. पलीकडे नुसता श्वास. मग आई म्हणाली, "दात घासात का वं?"

माझ्या तोंडात ब्रश होता. मी तसंच, फेसासकट, "घासते आहे" म्हणाले. तिने फोन ठेवला नाही. मी फोन बेसिनच्या कडेला ठेवला, वरचे घासले, खालचे घासले, रोजच्यापेक्षा जास्त वेळ घासले आणि जरा मोठ्याने चूळ भरली. मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.